एकोणीस दूर्वा उरल्या

अमरावती, कार्तिक शु. ८, शके १७८५

रा. रा. चंद्रभानजी व्याही यांस नत्थुजीचा रामराम. वि. वि. तुमची लेक शकुन अन् तिची पोरगी, दोघी खुशाल. पोरगी अडीच महिन्यांची झाली तरी तिले नाव नाही, हे तुमाले खटकत असन. मलेही खटकते, पण या घरात माह्यं ऐकते कोण!

आमची पहिली नात बारशानंतर आठच दिवसांत गेली, हे तुमाले ठाऊक हाये. म्हून आमच्या घरच्या तानुबाईनं गणपतीले नवस केला, बरोबर एक लाख दूर्वा वाहीन, मंगच नाव ठेवीन. एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून रोज वाहिल्या. लाख भरले त्या दिवशी हातात उरल्या एकोणीस! अर्धवट जुडी चालत नाही अन् लाखावर एक काडी चढवायची नाही, हा हिचा हट्ट. शेजारची गोदाबाई गप्पा मारत मोजते, तिनंच चुकवलं, असं हिनं तोंडावर सांगितलं अन् पहिल्यापासून लाख मोजायले घेतले. पुन्हा एकोणीसच! आता गोदाबाई बोलत नाही, अन् कापसाच्या भावापायी लोकायनं बांधापर्यंत पऱ्हाटी लावली, तिसऱ्यांदा मोजायले दूर्वा आणाव्या कुठून? तुमी पंतोजीजवळ शिकलेले. कायी उपाय सांगा, नाही तर पोरगी नावावाचून सासरी जाईन. लोभ हाये तो असाच राहू द्या.

नत्थुजी

अकोला, कार्तिक व. १

रा. रा. नत्थुजी व्याही यांस चंद्रभानचा रामराम. वि. वि. पत्र वाचून आमच्या घरची पार्वताबाई पोट धरून हासली. अहो, गोदाबाईची माफी मागा! लाखाचा स्वभावच तसा हाये. पाच दुवे अन् पाच पंचे एकमेकांशी गुणले की लाख होते. त्याच्यात ना तीन, ना सात. अन् एकवीस म्हंजे तीन साते. दहाच्या जुड्या बांधा, पंचवीसच्या बांधा, बरोबर सरते. एकवीसच्या चार हजार सातशे एकसष्ट होतात अन् एकोणीस उरतातच. शंभरदा मोजलं तरी!

जुडी भरायले दोनच पाहिजेत, तर विहीणबाईंच्या लाखाले धक्का कायले? ओल्या फडक्यात दोन दूर्वा धाडतो. पार्वताबाईनं आपल्या हातानं खुडल्या. लाख तुमचे, या दोन आजोळच्या. नात दोघांची हाये. मनात माया ठेवा.

चंद्रभान

अमरावती, कार्तिक व. ९

रा. रा. चंद्रभानजी व्याही यांस नत्थुजीचा रामराम. वि. वि. तुमचं पत्र वाचून दाखवलं. ही उठली, गोदाबाईच्या दारात गेली अन् हात धरून तिले घेऊन आली. दोघींनी मिळून जुडी बांधली, वाहिली.

बारसं रविवारी हाये, तुमी दोघं आल्याशिवाय होत नाही. पण हिले धीर कुठं! काल पाळण्यावर वाकून 'दुर्गा' म्हणाली. मंग पुन्हा म्हणाली. पोरगी गाढ झोपलेली, तरी हाका सुरूच, डोयाले पदर लावून. शेवटी शकुननं दटावलं, आत्याबाई, झोपू द्या तिले. तर म्हणते कशी, तीन महिन्यांच्या हाका राहिल्या हायेत माह्या.

लवकर या. माया वाढो.

नत्थुजी