चाकांवरची करंजी

॥ श्री ॥
कुरुंदवाड,
३ फेब्रुवारी १९९७

चि. संगमेश यास विद्याअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं, महानंदाचं आणि अव्वाचं बरं असेल. इथलं बरं नाही म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी पिशवी काढायलाच पाहिजे म्हणून सांगितलंय, मार्च लागता लागता. नंतर दीड महिना वाकायचं नाही, घागर उचलायची नाही. एरवी मी सरळ माहेरी येऊन पडले असते. पण प्रेरणाची दहावीची परीक्षा नेमकी मार्चात, आणि यांचा सगळा दिवस खताच्या दुकानात. पोरीला कुणाच्या जिवावर टाकून येऊ?

म्हणून अव्वाला पाठव. तू हसशील, ठाऊक आहे. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली. अव्वा सकाळच्या एस.टी.नं येते, आपली भाकरी आपण बांधून आणते, माझ्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जाते. नातू झाल्याशिवाय लेकीच्या घरी अन्न नाही, मुक्काम नाही. तिच्या आईनं पाळलं, आज्जीनं पाळलं, म्हणून हिनं पाळायचं. प्रेरणा झाली तेव्हा पुढच्या खेपेला राहीन म्हणाली. पुढची खेप आलीच नाही, आणि आता पिशवीच जाणार. नातू मी कुठून आणू, बाजारातून? एवढं तिला विचार.

मला भीती वाटतेय रे. मला अव्वा पाहिजे, बाकी कुणी नको.

लगेच उत्तर टाक, आणि बहिणीवरची माया आहे तशी राहू दे.

तुझी
विद्याअक्का

(पोस्टकार्ड)
कोल्हापूर,
८ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. अक्कास संगमेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या पिशवीच्या ऑपरेशनचं वाचून वाईट वाटलं. अव्वाला विचारलं, न्हाय म्हणाली. परत विचारलं तर ताट सारून उठली. भिंतीशी बोललेलं परवडलं.

इकडची बातमी मोठी आहे. उद्यमनगरात भंगारात जनरेटरची दोनचाकी ट्रॉली मिळाली, तिच्यावर मी घर बांधतोय! रद्दीवाल्याकडं परदेशी मासिकात फोटो बघितला. मोटारीमागं जोडायचं, आत दोन माणसांची गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर. पुढून फुगीर, मागं निमुळतं. बाजू प्लायवूडच्या केल्या. वरचा पत्रा वाकवायला कुणी तयार होईना, शेवटी गुऱ्हाळाच्या काहिली करणाऱ्या आकारामनं वाकवला. ज्याच्या काहिलीतून रस गळत नाही, त्याच्या छपरातून पाणी काय गळणार! गल्लीत सगळे करंजी म्हणतात. मे महिन्यात माझा दोस्त केरबा याच्या जीपला जोडून महानंदाला समुद्र दाखवणार. ती येत नाही म्हणते. जागा संपली. लोभ आहेच.

तुझा संगमेश

कुरुंदवाड,
१२ फेब्रुवारी १९९७

चि. संगमेश यास आशीर्वाद. इच्छा नसताना.

अरे शहाण्या, असलं कुणी उघड्या कार्डावर लिहितं का? पोस्टमननं कार्ड हातात देताना विचारलं, वहिनी, ऑपरेशन कधी? समोरच्या तानाबाई संध्याकाळी लिंबू घेऊन आल्या. आता गल्लीत कुत्र्यालाही माहीत झालंय. रुपयाचं बंद पत्र घ्यायला तुझा हात का आखडतो, आणि प्लायवूड घ्यायला का नाही?

मी लिहिते, मला भीती वाटतेय. तू लिहितोस, पत्रा वाकवला. वा! लहानपणी माझ्या शिवणयंत्राचं चाक काढून गाडा केलास तेव्हाच अप्पांनी तुला धरून बदडायला हवं होतं. मीच मध्ये पडले, चूक झाली.

महानंदाचं मला कौतुक वाटतं. दुसरी असती तर त्या करंजीत तुलाच बसवून ढकलून दिलं असतं.

आणि एवढा तू कारागीर आहेस ना, तर त्या करंजीत अव्वाला बसव आणि आणून माझ्या दारात उभी कर! माझ्या घरात राहायचं नाही म्हणते ना, तर राहू दे तिला तुझ्या डब्यात! हेच तेवढं बघायचं राहिलंय.

रागावले आहे. तरी जेवत जा वेळेवर.

अक्का

कोल्हापूर,
१७ फेब्रुवारी १९९७

चि. विद्यास अव्वाचा आशीर्वाद. अक्षर महानंदाचं हाय, बोलनं माजं हाय.

तुजं पत्र महानंदानं वाचून दावलं. करंजीत बसवून आन म्हनलीस. मी दोन दीस इचार केला. बरोबर बोललीस. संग्याला ह्यातलं काय सुचलं नसतं.

गाडी माज्या पोराची, म्हंजी घर माजं. तवा मी येतो. पर आयकून घे. गेटाच्या आत चाक घालायचं न्हाय, आतली जागा जावईबापूंची. भाईर लिंबाखाली उभी करायची. रस्ता कुनाच्या बापाचा न्हाय. पानी किष्णेचं आनायचं, नदी काय जावयाची न्हवं. शेगडी माजी, जोंधळं माजं. माज्या हातचं तू खायाचं, तुज्या घरचं मी न्हाय.

संग्याला उंबरा बसीव म्हनून सांगितलंय. डोक्याला हात लावून बसलाय. उंबरा न्हाय त्ये घर न्हवं, खोकं. लिंगपूजेला कोनाडा बी सांगितलाय.

तुला भ्या वाटतंय म्हनं. मी येतोय न्हवं? मग भ्या कशाला? दवाखान्यात गप जा आनि गप ये. पोरीला अभ्यासाला बसीव.

तुजी अव्वा

कोल्हापूर,
२५ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

बंद पत्र घेतलंय, बघ.

तू रागात एक ओळ लिहिलीस आणि माझं वाटोळं केलंस. समुद्र गेला, सहल गेली. अव्वा रोज जेवण झालं की वर्कशॉपवर येते, स्टुलावर बसते आणि माझ्या चुका काढते. दार अरुंद आहे म्हणाली, कापून रुंद केलं. कोनाडा उलट्या बाजूला हवा म्हणाली, हलवला. उंबरा सागवानीच लागला तिला. आत शिरताना रोज नडगीला लागतो, माझ्याच. कामगार हसतात. केरबा तर जीप देणाऱ्याला वास्तुशांतीचं जेवण पाहिजे म्हणतो.

पण काम बघशील तर गप्प होशील अक्का. काचेला बसवतात ते ट्रकचं रबर सगळ्या दारांना लावलंय. परवा महानंदाला आत बसवलं, दारं लावली आणि वरून अर्धा तास घागरी ओतल्या. सगळी गल्ली जमली होती. महानंदा बाहेर आली ती कोरडी ठक्क! आणि इतकी चिडलेली की अजून माझ्याशी बोलत नाही. करंजी मी बांधलीय, पाण्याची काय टाप आहे आत शिरायची.

रविवारी अव्वाला घेऊन येतो. ऑपरेशनचं घाबरू नकोस. मला ते लिहायला जमत नाही, म्हणून पत्र्याचं लिहितो. एवढं समजून घे, आणि आठवण काढत जा.

तुझा संगमेश

कोल्हापूर,
८ एप्रिल १९९७

ती. सौ. अक्कास नमस्कार.

तुझी तब्येत सुधारतेय हे वाचून आनंद झाला, आणि काल शेजारच्या फोनवर दाजी जे बोलले ते ऐकून माझं डोकं फिरलं. करंजी गळते? अव्वाचं अंथरूण भिजलं? कसं शक्य आहे? दाजींनी फोनवर हसत सांगितलं, त्याचा मला जास्त राग आला. आकारामला सांगितलं तर तो हातातला हातोडा टाकून बसला.

येत्या रविवारी येतोय. घागर आणि एम-सील घेऊन येतो. अव्वाला आत बसवून सगळ्या गल्लीसमोर पाणी ओततो. एक थेंब आत गेला तर नाव बदलीन. माझ्या कामाला असलं बोलणं मी ऐकून घेणार नाही, मग ती आई असली तरी.

दाजींना नमस्कार. प्रेरणाला शाबासकी.

संगमेश

कुरुंदवाड,
१० एप्रिल १९९७

चि. संगमेश यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू वाच आणि महानंदाला दाखव, तिसऱ्या कुणाला नाही. तुझी करंजी गळत नाही. आधी एवढं वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

तू सोडून गेल्यापासून महिनाभर अव्वा गेटाबाहेर राहिली. उजाडलं की आत यायची, माझी वेणी घालायची, मला धरून फिरवायची, प्रेरणाला पेपराला जाताना दही-साखर द्यायची, तीसुद्धा आपल्या डब्यातली. दिवे लागले की पदर खोचून बाहेर. हे रोज हात जोडून आत चला म्हणायचे. ती यांनाच पावणं आलं म्हणून लिंबाखाली स्टुलावर बसवायची आणि चहा करून द्यायची. नगरपरिषदेचा माणूस गाडी हलवा म्हणून सांगायला आला, तो भाकरी-पिठलं खाऊन गेला.

लोकांना मजा वाटायची, मला नाही. खिडकीतून ती करंजी दिसायची आणि माझं टाळकं सरकायचं. एवढ्या जवळ येऊन घरात नाही! एकदा तोंडावर बोललेही, की नातू नाही म्हणून माझ्या घराला छप्परच नाही का? ती भांडी घासत राहिली.

रविवारी संध्याकाळी वळीव आला, गारांसकट. अव्वा वळकटी डोक्यावर घेऊन भिजत आत आली आणि मोठमोठ्यानं ओरडायला लागली. संग्यानं कसली गाडी बांधली, धो धो गळतीया, म्हाताऱ्या माणसानं आता जावं कुठं? मी माझ्या पलंगाशेजारी सतरंजी घातली. तोंडावर पदर ओढून झोपली. सकाळी माझ्या घरचा चहा प्याली रे. पहिल्यांदा. वर साखर कमी पडली म्हणाली.

दुपारी मी हळूहळू चालत करंजीपाशी गेले. गादी कोरडी. कोनाड्यातली विभूती कोरडी. शेगडीजवळ काडेपेटी होती, तिची काडी पहिल्याच ओढीला पेटली. आत थेंबभर पाणी शिरलं नव्हतं. वळकटी भिजली ती गेटापासून दारापर्यंत येताना.

तुझ्या त्या उंबऱ्यावर बसून मी रडले, टाके दुखेपर्यंत रडले. सतरा वर्षं नातवाची वाट बघत माझ्या दाराबाहेर थांबली. आता तो होणारच नाही म्हटल्यावर बिचारी आत यायला निमित्त शोधत होती. मी मात्र तिच्यावर चिडत बसले होते.

रात्री घोरते. मला झोप लागत नाही आणि मी तिला उठवत नाही. तिनं मुक्काम हलवू नये एवढंच मला वाटतं. ऊन पडलंय, आणि ती रोज लिंबाखाली जाऊन गाडीकडं बघते. तू घागर घेऊन आलास आणि गळत नाही म्हणून गल्लीसमोर दाखवलंस, तर तिला वळकटी उचलून परत बाहेर जावं लागेल. तुझी कारागिरी मला माहीत आहे. ती जगाला कळलीच पाहिजे का, ते तू ठरव.

माया अशीच ठेव, जमलं तर थोडी वाढव.

अक्का

(पोस्टकार्ड)
कोल्हापूर,
१३ एप्रिल १९९७

ती. अव्वास संगमेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

करंजी गळते हे खरं आहे. आकारामनं पत्रा चांगला वाकवला होता, सांधा मला जमला नाही. चूक माझी. दुरुस्ती लवकर होणार नाही. सगळं छप्पर काढावं लागेल आणि मला सवड नाही. त्या गाडीत तू परत झोपायचं नाहीस. पावसाळाभर अक्काच्या घरातच राहा, पुढचं पुढं बघू. पोस्टमनसाहेबांनी वाचलंच असेल, तर त्यांनीही गल्लीत सांगायला हरकत नाही.

अक्का, हे अव्वाला मोठ्यानं वाचून दाखव.

सगळ्यांचा लोभ असू द्या, कामात कच्चा असलो तरी.

संगमेश