बत्तीस नंबरची बरणी

आधी तक्रार, मग मृत्युपत्र. ती काचेची बरणी अजून काउंटरवरच आहे, काल पाहिली. एवढं होऊनही माझ्या मुलाला ती फेकावीशी वाटली नाही, याची मला किळस येते.

आता रीतीचं. मी, बंदुका दुरुस्त करणाऱ्याची विधवा, शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाखाली नाही, स्वतःच्या हाताने हे लिहिते. अक्षर वाईट आहे, म्हणून अर्थ बदलू नये.

कलम एक. दुकानाचा गाळा माझ्या नावावर आहे, तो माझ्या लेकीच्या लेकीला. ह्यांच्या कानशी, पान्हे, नळी साफ करायचे गज, सगळं तिलाच. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तरी ती डाव्याने कानस चालवते.

कलम दोन. रिकाम्या काडतुसांची नमुन्याची फळी भिंतीवरच राहील. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "आजी, नऊचं मोठं ना, सात-बासष्टपेक्षा?" त्याला फळी दाखवावी. आकडा म्हणजे गोळीची जाडी, जोर नव्हे. पिस्तुलाचं नऊ जाड पण बुटकं, आत दारू चिमूटभर. रायफलीची गोळी बारीक, पण तिच्यामागे लांबलचक पोट दारूने भरलेलं. तरी वाद घालील. माणूस मारायचं सामान ही माणसं वांगी निवडावीत तशी निवडतात. त्या तेलाच्या वासात मी जन्मभर जेवले.

कलम तीन. बँकेत असेल ते लेकीला. पोरीच्या हाताचा खर्च तिनेच केला, मामाने नाही.

कलम चार. राहतं घर मुलाला, पण अटीवर. हे गेल्यावर त्याने दुकान टापटीप केलं. ह्यांचे जिवंत काडतुसांचे डबे वेगळे होते, बत्तीस रिव्हॉल्व्हरचा एक, बत्तीस पिस्तुलाचा एक. ह्याने नंबर बघून दोन्ही एका बरणीत ओतले. मी म्हटलं, "अरे, पिस्तुलाचं आखूड असलं तरी जोर जास्त, आणि रिव्हॉल्व्हरच्या चकरीत ते बसतं. तीच तर पंचाईत."

"आई, बत्तीस म्हणजे बत्तीस. तू आत जा."

पुढे एक जुनापुराणा रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला आला. ह्याने बरणीत हात घातला, चकरी भरली आणि भाचीला म्हणाला, "मागे वाळूच्या पेटीत उडवून बघ." मी दारातच उभी होते.

"मामा, काडतुसं बघून घातलीस ना?"

"घातली गं. उडव."

चकरी फुटली. चौकशीत ह्याने लिहून दिलं की काडतुसं पोरीनेच भरली. मी पाहिलेलं सांगायला गेले, तर पोलिसांनी मला चष्म्याचा नंबर विचारला आणि घरी पाठवलं. आता तिचा परवाना अडलाय, बेफिकीर म्हणून कोणी कामाला घेत नाही. बोटं गेली ते चुकून. जबाब चुकून लिहिला जात नाही.

त्याने तो जबाब बदलून दिला तर घर त्याचं. नाही तर घरही पोरीचं, आणि त्याला ती बरणी, धुऊन.

ठिकाण: दुकानामागची खोली. तारीख: चार मार्च, दोन हजार एकोणीस. अंगठा नाही, सही केली आहे.

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, आणि पोरीचा हात बांधणाऱ्या नर्सबाई. दोघांनी मला सही करताना पाहिलं. दोघांनाही यातलं काही मिळत नाही.

सहीखाली एवढंच. हे वाचून झालं की पोरीने सगळ्यांसमोर विचारावं, "मामा, चकरी कोणी भरली?" वकिलाने तोंड उघडायचं नाही, सुनेने मध्ये पडायचं नाही. उत्तर त्याने द्यायचं, तिच्या हाताकडे बघून.