डावी नाही, उजवी भुवई

चिंगे,

मी कामावर निघालेय. तुझ्या उशीखालची शिवणाची सुई मी फेकून दिली, बोंबलू नकोस. एवढी घोडी झालीस, भुवईत रिंग घालायची तर खुशाल घाल. पण नव्या सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडणाऱ्याकडेच टोचायचं. संध्याकाळी मी सोबत येते. नंतर मिठाच्या पाण्याने धुवायचं आणि सारखी बोटं लावायची नाहीत.

आणि उजवी भुवई टोच, डावी नाही. व्रणावर टोचलेलं नीट भरत नाही. शिवाय बाबांनी फेकून मारलेल्या पेल्याचा तो व्रण रिंगेखाली लपवून कोणाची अब्रू राखायचीय तुला? रोज समोर जेवायला बसतात ना, दिसू दे त्यांना. ओरडले तर म्हणावं, ताईशी बोला.

ताई