पहिला चमचा

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच. चमचा ओठांपाशी नेला की ह्यांचे डोळे मिटतात, तोंडही घट्ट. जणू माझं थोबाडच बघायचं नाही! अर्धा तास मनधरणी केली. शेवटी गाल दाबून चार चमचे घातले. निम्मं सूप उशीवर.

अर्धांगवायूला तीन महिने झाले. वाचा गेली, उजवी बाजू गेली. दवाखान्यात नाकात नळी होती. ती काढून घरी आणलं तेव्हा वाटलं, सुटलो. कसले सुटतोय!

५ मार्च

डॉक्टर म्हणाले, "गिळायला काही अडचण नाही, बाई. मनातूनच खात नाहीत." वजन आणखी दोन किलो उतरलंय. सोळा तारखेपर्यंत असंच राहिलं तर परत नळी. हे सगळं ऐकत होते. डोळ्यांतून पाणी आलं – ह्यांच्या. माझे कोरडेच.

घरी येऊन शर्टांच्या बावीस कॉलर शिवल्या. दुकानदाराला तीस हव्या होत्या. "उद्या" म्हटलं.

८ मार्च, रविवार

शेजारीण तासभर ह्यांच्यापाशी बसली म्हणून चर्चला गेले. पाळकसाहेबांनी दारातच गाठलं. "येशूशी जोडलेल्या राहा, बाई. रोज थोडा वेळ त्याच्यापाशी शांत बसा."

बसू? कधी? पाचला उठून चादर बदलायची, अंग पुसायचं, दर दोन तासांनी कूस वळवायची, मध्ये मशीन. बसले की डोळाच लागतो! तरी "हो, हो" म्हटलं. खोटारडी मेली.

हे पडले त्या दिवसापासून मी येशूशी एक शब्द बोललेली नाही. आमच्या घरी मोठ्यानं प्रार्थना करायची ती ह्यांनी. मी नुसती आमेन म्हणणारी. बत्तीस वर्षं आयतं मिळालं. आता कुणाच्या मागे आमेन म्हणू? आणि रागही आहे. लिहूनच टाकते – राग आहे त्याच्यावर.

९ मार्च

तीन चमचे.

११ मार्च

नणंदबाई आल्या. आल्या आल्या खिडकीवरची धूळ दाखवली. मग म्हणाल्या, "आण ती वाटी. मी भरवते, तू शीव." आधी प्रार्थनेला उभ्या राहिल्या. त्यांची प्रार्थना म्हणजे अख्ख्या गोतावळ्याची हजेरी! सूप निवलं. मी आपलं मशीन चालूच ठेवलं.

थोड्या वेळानं वळून बघते तर वाटी रिकामी. तळ दिसेपर्यंत!

"गुणी आहे गं माझा भाऊ. प्रेमानं भरवावं लागतं."

प्रेमानं! आणि मी काय करतेय तीन महिने? हसून चहा दिला त्यांना.

१२ मार्च

आज भरवायची पाळी माझी. मिटले डोळे, मिटलं तोंड. ओरडलेच मी. "बहिणीच्या हातचं गोड लागतं, माझ्या हातचं विष आहे का? मरायचंय का तुम्हाला? सांगा तरी एकदा!" ज्याची वाचा गेलीय त्याला म्हणते, सांगा.

ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चमचा खाली ठेवायला लावला. मनगट सोडलं नाही, आणि परत डोळे मिटले. मी हिसका देऊन उठले. कॉलर उलटी बसवली, उसवत बसले.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी उशीचा अभ्रा वाळत घालताना लख्ख कळलं. बत्तीस वर्षांत ह्यांनी प्रार्थनेवाचून एक घास तोंडात घातला नाही. आणि मी प्रार्थनेसाठी थांबलेल्या माणसाचे गाल दाबत होते!

वाटी घेऊन बसले. शब्द येईनात. "येशू, मी फार दमलेय. तुझ्यावर रागावलेय. हे जेवायला बसलेत." एवढंच जमलं. आमेन म्हणायचंही राहिलं.

ह्यांनी डोळे उघडले. मग तोंड.