सांत्वनाला आलेली गल्ली

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! सामान उतरवायच्या आत अख्खी गल्ली मदतीला हजर. कपाट दोघांनी उचललं, शिंप्याने गॅस जोडून दिला, समोरच्या काकूंनी तर जेवणच आणलं. आमची स्वारी खूश. उद्या नव्या छापखान्यात हजर व्हायचं म्हणून आजच दाढी, आणि दाढी म्हटली की ती बेसूर शिट्टी आलीच. म्हटलं, जपून, शेजारी गल्ली सोडून पळतील. काकूंशी बोलता बोलता आईचा विषय निघाला. शहरात असताना ती वारली तेव्हा आम्ही दोघंच होतो, धावपळीत रडायचंसुद्धा राहून गेलं. ऐकून काकूंचेच डोळे भरले. इथे माणसांची चणचण नाही, बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
गंमतच झाली. संध्याकाळी काकू, शिंपी, त्याची बायको, दूधवाला, सगळे येऊन हळू आवाजात बोलत बसले. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या की फार गुणी होता गं. कोण गेलं म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी माझ्याकडेच कीव करून पाहिलं. तेवढ्यात स्वारी कामावरून आली, चहा मागितला. एकानेही मान वर केली नाही. ते गेल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो.

११ फेब्रुवारी
काकूंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. ताट एकच वाढतात, माझं. आज स्पष्टच विचारलं. शिंप्याच्या बायकोने समजावलं की इथे आधीच सगळे मिळून रडून घेतात, म्हणजे वेळ आली की माणूस एकटं पडत नाही. तिच्या दिराच्या वेळी जाऊबाईही असंच हसण्यावारी नेत होती. मग एका दुपारी तिला रडू फुटलं, आणि दीर भरल्या ताटावर गेला. घरचं माणूस रडलं की झालं, म्हणाली. अगदी मायेने म्हणाली.
नवऱ्याला सांगितलं, इथून निघू या. म्हणाला, नोकरीला आठवडा नाही झाला, तुला वेड लागलंय का?

१३ फेब्रुवारी
आज तो हसला नाही. छापखान्यात त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा केलाय. मालक घरी भेटून गेले, मला. तो शेजारीच बसला होता.
उद्या सकाळी निघायचं ठरलं. दाराशी माणसं बसलीत. अडवत नाहीत, शिव्या देत नाहीत. नुसती रडतात, पोटचं कुणी गेल्यासारखी. मला भीती वाटतेय. पण रडायचं नाही. काही झालं तरी नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळ
बॅगा भरल्या. तो आत दाढी करतोय. शिट्टी चालू आहे. चालू राहू दे.
दाराकडे बघायचं नाही म्हणून वहीत डोकं घालून बसलेय—
काकू आत आल्या. जवळ बसल्या. आईच्या वेळी कुणी नव्हतं ना गं, म्हणाल्या. डोक्यावर हात ठेवला. आईचा असाच असायचा, जड, ऊबदार—
नको. काढा हात—
कागद ओला—
हे त्याच्यासाठी नाही! आईसाठी आहे, फक्त आईसाठी, तेव्हाचं राहिलेलं— काकू, बाहेर सांगा ना सगळ्यांना, हे रडणं आईचं—
शिट्टी