निम्मी झाल्यावर

अहो,

वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी तुम्ही कितीही ढकललंत तरी मी जागची हलायचे नाही, दमायचात तुम्हीच. ऑपरेशननंतर निम्मी झाले आणि तुमच्या पहिल्याच धक्क्याला ओट्यावर आपटले. दात पडले. "उडाली बघा म्हैस!" म्हणून हसलात.

डॉक्टरांना विचारून जिम लावली. ट्रेनर म्हणाली, "ताई, घाई नको, पण खाडाही नको." एकही खाडा केला नाही.

परवा तुम्ही हात उगारलात, मी मनगट धरून पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकून मीसुद्धा दचकले.

आता आईंकडून परत यायचं म्हणताय. जरूर या. सोमवारपासून ट्रेनर वजन वाढवणार आहे. हे पत्र पाठवणार होते, पण प्लॅस्टरमधल्या हाताने तुम्ही पाकीट फोडणार कसं?

तुमची नसलेली,
म्हैस