तांबूची डोंबिवलीची बहीण

ती. आक्कास धाकट्या नमूचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, जेवढी वाकली तेवढ्यावर भागव.) इकडे सगळे बरे आहेत. संचिता कुडाळला कॉलेजात नियमित जाते, ह्यांच्या टाचांच्या भेगा यंदा नवल वाटावं इतक्या भरून आल्या, आणि तांबू गाय सात महिन्यांची गाभण आहे. तुझी तब्येत कशी आहे, गोळ्या अजून चालू आहेत का, नवे केस कुरळे आले म्हणालीस ते खरं का, हे सगळं मी फोनवर विचारायला हवं होतं. पण फोनवर तू एकच विचारतेस, नमू, रक्त तपासलंस काय, आणि नेमकी तेव्हा आमच्याकडची रेंज जाते. आज खरं सांगते. टॉवर आमच्या गोठ्याच्या मागेच उभा आहे आणि रेंज आजवर एकदाही गेलेली नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तर गोष्ट स्वप्ना वैनींपासून सुरू होते. त्या आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा. आधी त्यांनी आम्हाला पाणी शुद्ध करणारी कांडी दिली, मग कंबरेचा चुंबकपट्टा (तो आता खिळ्यांचा डबा सांडला की खिळे गोळा करायला उपयोगी पडतो), आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकू उरकल्यावर, आसपास कोणी पुरुषमाणूस नाही हे दोनदा बघून, त्यांनी पिशवीतून गुलाबी ट्यूब काढली. नाव ‘रूपभरणी’. छातीला लावायची. शंभर टक्के नैसर्गिक, मेथी, शतावरी आणि कुठल्याशा परदेशी कंदाचा अर्क, आठ आठवड्यांत उभारी आणि शिवाय गाठींपासून संरक्षण. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी मला उभारी काय करायची आहे? गेली दहा वर्षं ह्यांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं असेल तर ते चष्मा कुठे ठेवलास हे विचारायला. पण ‘गाठींपासून संरक्षण’ हे शब्द ऐकले आणि माझा हात आपोआप पुढे झाला. आई एकेचाळिसाव्या वर्षी गेली, माई मावशी चव्वेचाळिसाव्या, तुझं ऑपरेशन पन्नाशीत झालं, आणि तुझ्या रक्तात सापडलेला दोष माझ्यातही असायची शक्यता निम्मी आहे हे तूच मला सांगितलंस. एवढे मोठमोठे डॉक्टर ज्याच्यापुढे हात टेकतात ते काम स्वप्ना वैनींच्या पिशवीतली ट्यूब करील हे मला पटलं का? पटलं. मला पटवूनच घ्यायचं होतं. मलम लावलं की रक्त तपासायला नको, इतका साधा विचार.

ट्यूब मी कोकमाच्या बरणीमागे लपवली. ती ह्यांना सापडली. (जी वस्तू शोधायला सांगावी ती ह्यांना सात जन्मांत दिसत नाही, लपवलेली मात्र पहिल्या फटक्यात.) वर कमळाचं चित्र, अक्षरं इंग्रजी, तेव्हा पायालाच लावायचं असणार असं ठरवून ह्यांनी टाचांना चोपडलं. मला वाटलं, म्हणूनच ट्यूब दुप्पट वेगाने संपते आहे. तेवढ्यात तिसऱ्या आठवड्यात मला उजव्या बाजूला खाज सुटली आणि लाल पुरळ उठलं. घाबरून ट्यूब वाचायला घेतली. ‘नैसर्गिक’ हा शब्द काजूएवढा, आणि तळाची ओळ मुंगीएवढी. मोबाइलने फोटो काढून ती मोठी केली, तर लिहिलेलं, घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. म्हणजे जिने भीतीपोटी घ्यावी तिनेच ती घेऊ नये. स्वप्ना वैनींच्या भाषणात ही ओळ नव्हती.

मग कुडाळला डॉक्टरांकडे गेले. तिथे कंपाउंडर कोण, तर ह्यांचे चुलतमामा भिकाजी. बाकं माणसांनी भरलेली, आणि त्यांनी दारातूनच हाक मारली, “गो नम्रता, काय होता तुका?” मी म्हटलं, गुडघो. डॉक्टर भला माणूस, त्यांनी माझा गुडघा फार मन लावून तपासला. गोळ्या दिल्या, मांडी घालून बसू नका म्हणाले. मी घरी येऊन मांडी घालून रडले.

परवा तांबूला तपासायला मुजम्मिल डॉक्टर आला. खारेपाटणचा मुलगा, गुरांचा डॉक्टर, हाताला गुण आहे आणि तोंडाला कुलूप आहे. हे बागेत गेले होते. मला वाटलं, डॉक्टर तो डॉक्टर, आणि तांबू काही गावभर सांगत फिरणार नाही. मी म्हटलं, तांबूच्या कासेला हे मलम लावते आहे, बरं की वाईट? त्याने ट्यूब हातात घेऊन तळाच्या ओळीसकट वाचली. मग तांबूकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. (हे त्याच्या आईने लावलेलं वळण.)

“तांबूक खाज खंयच्या बाजूक सुटली?”

उजव्या, म्हटलं.

“तिच्या घराण्यात कोणाक गाठ झाली होती?”

आवशीक, म्हटलं.

“आवस कितक्या वर्षांची असताना गेली?”

आक्का, माझ्या तोंडून एकेचाळीस निघून गेलं. गाय वीस वर्षं जगली तरी गाव तिला बघायला येतो. पण तो हसला नाही. बॅग खाली ठेवून पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला आणि म्हणाला, आणखी कोण? मावशी, चव्वेचाळीस. भयण? भयण डोंबिवलीक आसता, म्हटलं, तिचा ऑपरेशन झाला. आणि मी तांबूच्या पाठीवरचा पेंढा वेचायला लागले. तांबू शांतपणे रवंथ करत होती, तिच्या घराण्याची एवढी हानी झाली त्याचं तिला काहीच नव्हतं.

“काकी, माका ढोरांचा कळता,” तो म्हणाला, “पण तांबूक सांगा, ह्या लावूक नको.” मग तांबूच्या नावाने त्याने मला बरंच समजावलं. झाडपाल्यातही हार्मोनसारखं वागणारं काही असू शकतं, आणि ट्यूबमध्ये कुणी किती काय घातलं ते ट्यूबवर लिहिलेलं नाही. अपाय होईलच असं नाही, पण असला दोष असलेल्या बाईला तो होणार नाही अशी खात्री देणाराही कोणी नाही. पुरळ माणसांच्या डॉक्टरला दाखवायचं. आणि रक्तातला दोष मलमाने येत नाही, तसा मलमाने जातही नाही, तो असला तर वेळच्या वेळी तपासत राहायचं. जाताना त्याने विचारलं, तांबूच्या भयणीचो रिपोर्ट आसा मा? तिच्यात नेमकं काय सापडलं ते कळलं की हिच्यात शोधणं सोपं जातं. आसा, म्हटलं. मग त्याच्या वजीरा खालाला, म्हणजे मावशीला, तपासतात त्या लेडी डॉक्टरांचा नंबर त्याने कागदावर लिहून दिला. वर पेशंटचं नाव घातलं, तांबू.

मी फोन केला. चौदा तारखेला बोलावलं आहे. रक्त पुढे गोव्याला पाठवतात.

आता एक राहिलं. तुझ्या ऑपरेशनला मी आले नाही, काजूचा हंगाम आहे म्हणून कळवलं. ऑपरेशन गणपतीनंतर होतं, तेव्हा कसला आलाय काजू? तू कोकणात वाढलेली, तुला हे कळलं नसेल असं नाही, पण तू एका शब्दाने बोलली नाहीस. मला तुला तशी बघायची नव्हती, कारण त्या खाटेवर मला मीच दिसले असते. मी फार घाबरले होते, आक्का. अजूनही घाबरलेलीच आहे. गाय मध्ये घातल्याशिवाय हे मला कोणाला सांगता आलं नाही.

भावोजींना नमस्कार सांग, आणि गोळ्या चुकवू नकोस.

तुझी,
नमू

ता. क. उरलेली ट्यूब स्वप्ना वैनींना परत केली. त्यांनी मुळीच मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या गुरुवारी माझ्यासाठी गुडघ्याचं तेल आणणार आहेत, भिकाजीमामांकडून त्यांना सगळं कळलं आहे.

आणखी एक. रिपोर्ट आहे असं मी मुजम्मिलला सांगितलं ते खोटं. तू रजिस्टरने पाठवलेला लिफाफा मी उघडलाच नव्हता. देवाच्या फळीवर नारळामागे ठेवला होता, देव काय ते बघून घेईल म्हणून. काल काढला. वाळवीने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे. तेव्हा पुन्हा पाठव, चौदाच्या आत. तू स्वतः घेऊन आलीस तर कुडाळ स्टेशनवर मी गाडीच्या आधी तासभर येऊन उभी राहीन.

आणि शेवटचं. ट्यूब लवकर संपत आली त्याचा आळ मी ह्यांच्या टाचांवर घेतला होता. ह्यांनी शपथेवर सांगितलं, दोनदाच लावली, भेगा भरल्या त्या कोकमतेलाने. बाकीची संचिताने लावली. कशाला गो, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “आये, तू रेंज गेली म्हणतस तेव्हा माका खिडकीतसून टॉवर दिसता.” ती वीस वर्षांची आहे, आक्का. रिपोर्टच्या प्रती दोन पाठव. दुसरी तिला लागू नये असं तुझ्या देवाला सांग, पण पाठव.